तपासलं तर पुढे काय?

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातून पोटासाठी बाहेर पडलेला गलाई कामगार आज देशातल्या बहुतेक सराफ बाजारांत भेटतो. बंगळुरूत तो नगरथपेठ, चिकपेठेच्या आतल्या गल्ल्यांत असतो. जुनं सोनं-चांदी मुशीत आटवायचं, नायट्रिक ॲसिडमध्ये शुद्ध करायचं, सोनाराच्या दुकानातली झाडलोट गाळून तिच्यातला कण न् कण सोडवायचा, हा त्याचा धंदा. दुकान म्हणजे बहुधा एकच खोली. दिवसा तिथे भट्टी पेटते, रात्री तिथेच अंथरुणं पडतात. ॲसिडची तांबूस वाफ डोळ्यांत जाते, घशात जाते. अशा खोलीतल्या पोराला खोकला लागला तर त्याचं कारण कुणी शोधायला जात नाही, कारण ते समोरच उकळत असतं. तीन आठवडे होतात, संध्याकाळी अंगात कणकण येते, पँट कंबरेला सैल होते. तरी तो वाफेचाच खोकला ठरतो. गावच्या यात्रेला जाऊ तेव्हा विट्याच्या डॉक्टरला दाखवू, असं ठरतं आणि यात्रा चार महिन्यांवर असते.

बंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डच्या टॉवरखाली सिमेंटच्या गोण्या रिकाम्या करणाऱ्या ओडिशाच्या किंवा बिहारच्या मजुराकडेही असंच तयार कारण असतं: धूळ. रायचूर-यादगीरकडून आलेल्या आणि निळ्या ताडपत्रीखाली राहणाऱ्या कुटुंबाकडे चुलीचा धूर असतो. पीण्या औद्योगिक वसाहतीत कापडकाम करणाऱ्या बाईकडे सुताची कुसं असतात. खोकल्याला कारण मिळालं की तो आजार राहत नाही, कामाचा भाग होतो.

देशातल्या क्षयरोगाच्या सरकारी मोहिमांचा मोठा भर गेली कित्येक वर्षं जनजागृतीवर आहे. भिंती रंगवल्या जातात, रिक्षांतून भोंगे फिरतात, पथनाट्यं होतात. गृहीत असं की लोकांना कळत नाही म्हणून ते तपासायला येत नाहीत. हे गृहीत चूक आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि ते चूक आहे हे सिद्ध करणारं काम याच बंगळुरूत साठ वर्षांपूर्वी होऊन गेलेलं आहे.

बेल्लारी रोडवर ‘ॲव्हलॉन’ नावाची एक जुनी देखणी वास्तू आहे. म्हैसूरच्या राजघराण्याकडून ती सरकारकडे आली आणि तिथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था उभी राहिली. १६ सप्टेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले डॉ. हाफडान माहलर त्या काळात भारताच्या क्षयरोग कार्यक्रमावर काम करत होते. देशभर कार्यक्रम कसा राबवायचा, याचा आराखडा या संस्थेत तयार होत होता. डॉक्टर, जीवाणूशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ यांच्या जोडीला तिथे समाजशास्त्राचाही विभाग होता, ही त्या काळात फार दूरदृष्टीची गोष्ट. त्या विभागातले डॉ. देबबर बॅनर्जी आणि डेन्मार्कचे स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक पाहणी केली. क्षयरोगाच्या सर्वेक्षणात जे रुग्ण सापडले होते, त्यांच्या घरी जाऊन त्यांना विचारलं, तुम्हाला काही त्रास जाणवतो का, जाणवत असेल तर तुम्ही काय केलंत?

१९६३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ९५ टक्के रुग्णांना आपली लक्षणं जाणवत होती. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना त्यांची काळजीही वाटत होती. आणि निम्म्याहून थोडे अधिक लोक दवाखान्याची पायरी चढून आलेले होते. म्हणजे ज्या खेडुताला ‘अडाणी’ म्हणून शिकवायचं ठरत होतं, तो स्वतःहून चालत दवाखान्यात गेला होता आणि तिथून त्याला खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवलं गेलं होतं. त्याची थुंकी कुणी तपासली नव्हती. अडाणीपण कोणाच्या बाजूचं होतं, हे त्या पाहणीने उघड केलं. गाडी घेऊन गावोगाव रुग्ण शोधत हिंडण्याआधी दवाखान्यात आलेल्या खोकणाऱ्या माणसाची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया त्यातून ठरला.

आता अगदी अलीकडचे आकडे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात भारतभर क्षयरोगाची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेही उपचाराला गेलेले नव्हते. का नाही गेलात, या प्रश्नावर ६८ टक्क्यांचं उत्तर ‘दुर्लक्ष केलं’ या रकान्यात पडलं, १८ टक्क्यांना ही क्षयाची लक्षणं असतील असं वाटलं नव्हतं, १२ टक्क्यांनी घरच्या घरी काहीतरी घेतलं होतं. परवडत नाही म्हणणारे अवघे २ टक्के. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, तेव्हा आकड्याला आकडा लावून तुलना करू नये. पण ‘दुर्लक्ष’ या रकान्यापाशी थांबायला हवं. ज्याचं पोट रोजच्या हजेरीवर आहे, त्याचं दुर्लक्ष हे बहुतेक वेळा दुर्लक्ष नसतंच. तो हिशेब असतो. तपासणी फुकट आहे हे त्याला ठाऊक असतं. त्याचा प्रश्न तपासणीच्या पैशांचा नाही, तपासणीनंतरच्या दिवसांचा आहे.

तो हिशेब साधारण असा असतो. सरकारी दवाखाना सकाळी उघडतो आणि संध्याकाळपर्यंत बंद होतो, म्हणजे नेमका कामाच्या वेळेत. थुंकीच्या नमुन्यासाठी एक हजेरी जाणार. एक्स-रे दुसरीकडे असेल तर दुसरी. निकाल घ्यायला तिसरी. एवढं करून ‘काही नाही’ असं निघालं तर तीन दिवसांची मजुरी पाण्यात. आणि ‘आहे’ असं निघालं तर? मुकादमाला कळेल. पत्र्याच्या एका खोलीत आठ-दहा जण झोपतात, त्यांना कळेल. ताट वेगळं होईल, मग अंथरूण वेगळं होईल, मग ‘गावी जाऊन बरा हो, मग ये’ असं सांगितलं जाईल. त्या सांगण्यात कधी माया असते, कधी भीती. पण अर्थ एकच, काम गेलं. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर राहिली. जो मजूर गावाकडे महिन्याला पैसे पाठवतो, त्याच्या जागी बसून विचार करा. न तपासलेला खोकला त्याला आणखी दोन महिने मजुरी देतो. तपासलेला खोकला ती आज थांबवतो.

शास्त्राच्या दृष्टीने यातली हकालपट्टी अगदी निरर्थक आहे. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयात नेमाने गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांतच रुग्णापासून लागण होण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. आणि रुग्णाला घरातून उठवून दूर ठेवायची गरज नसते, हेही आपल्याच देशात सिद्ध झालं. मद्रासच्या क्षयरोग रसायनोपचार केंद्राने १९५९ च्या सुमारास दाखवून दिलं की दाटीवाटीच्या गरीब घरात राहून गोळ्या घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागण होत नाही. मिरज, तळेगाव, औंध इथल्या सॅनेटोरियमच्या आठवणी मराठी घरांत अजून आहेत. आजोबांना तिथे ठेवलं होतं असं हळू आवाजात सांगितलं जातं. त्या जगाचा शास्त्रीय पाया पासष्ट वर्षांपूर्वीच गेला. भीती तेवढी राहिली. जो मजूर तपासणी न करता खोकत राहतो तो खोलीतल्या सगळ्यांना धोका असतो, आणि जो तपासून गोळ्या सुरू करतो तो काही आठवड्यांतच फारसा धोका राहत नाही. आपण काढून टाकतो तो मात्र दुसऱ्याला.

परक्या गावात आलेला माणूस आरोग्य खात्याच्या माणसाला पाहून का बिचकतो, हे समजायला आपल्याला लांब जायला नको. पुणे आठवावं. मार्च १८९७ पासून रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घराघरांत झडत्या घेतल्या. माणसं उघडी करून काखा-जांघा पाहिल्या, संशयितांना छावणीत नेलं, सामान जाळलं. त्याचा परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, कोठीत, देवघरात. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, ती कथा शाळेत शिकवली जाते. रोगी लपवण्याची कथा कमी सांगितली जाते. त्याआधी मुंबईत, ऑक्टोबर १८९६ मध्ये, आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी त्यांची खात्री झाली होती. ते कामगारही कोकणातून, घाटावरून आलेले स्थलांतरितच होते.

त्याच महिन्यांत, त्याच पुण्याजवळ हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा पांडुरंग बाबाजी गायकवाड याला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रोग एकच, गाव एकच. एकीकडे माणसं रोगी लपवत होती, दुसरीकडे रोगी पाठीवर बसून येत होता. फरक एवढाच की पुढे आपलं काय होणार, हे त्या मुलाच्या माणसांना दिसत होतं.

बंगळुरूत प्लेग ऑगस्ट १८९८ मध्ये आला, हुबळीकडून, रेल्वेने. शहराने त्यातून पुष्कळ शिकून घेतलं. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहती त्याच काळात आकाराला आल्या, रुग्णालयं उभी राहिली. पण ‘रोग बाहेरच्या माणसाबरोबर येतो’ ही समजूतही तेव्हाच पक्की झाली आणि ती अजून गेलेली नाही. जानेवारी २०२० मध्ये बेळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारात मजुरांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. हे बांगलादेशी आहेत असा संशय होता. तिथे राहणाऱ्यांत उत्तर कर्नाटकातली, आसाम-त्रिपुराकडची, उत्तर प्रदेशातली माणसं होती आणि त्यांच्याकडे आपल्याच देशाची ओळखपत्रं होती. कर्नाटक उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ही कारवाई प्रथमदर्शनी बेकायदा ठरवून पुनर्वसनाकडे लक्ष द्यायला सांगितलं. न्याय मिळाला, तरी ज्याची झोपडी गेली तो काय शिकला? दारात वही घेऊन आलेला माणूस नाव, गाव, आधार क्रमांक विचारू लागला की सावध व्हायचं. क्षयरोगाची घरोघर पाहणी करणारी आशाताईही वही घेऊनच येते. ती कन्नड बोलते, झोपडीतली बाई बंगाली. वही कशाची आहे हे सांगायला दोघींच्या मध्ये शब्दच नसतो.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात कर्नाटक सरकारने बांधकाम व्यावसायिकांबरोबर बैठक झाल्यावर मजुरांना गावी नेणाऱ्या रेल्वे गाड्या रद्द केल्या होत्या. देशभर टीका झाली तेव्हा दोन दिवसांत निर्णय फिरवला. शहराला हात हवे असतात तेव्हा मजुराला जाऊ द्यायचं नाही आणि तो आजारी पडला की ठेवून घ्यायचं नाही, ही दोन्ही टोकं त्याने पाहिलेली आहेत. त्याचा अविश्वास अनुभवातून आलेला आहे. पोस्टरने तो जाणार नाही.

कागदपत्रांची गोष्टही यातलीच. पूर्वीच्या डॉट्स, म्हणजे देखरेखीखाली गोळ्या देण्याच्या पद्धतीत उपचार सुरू करण्याआधी कर्मचारी घरी जाऊन पत्ता पडताळून येत. हेतू चांगला होता; औषधं अर्धवट सुटू नयेत, नाहीतर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. पण ज्याला पत्ताच नाही, जो इमारत पूर्ण झाली की दुसऱ्या साइटवर जाणार, त्याच्यासाठी ती चाळणीच होती. आता ‘निक्षय’ या क्षयरोग कार्यक्रमाच्या सरकारी पोर्टलवर नोंद झालेला रुग्ण एका गावातून दुसऱ्या गावात वर्ग करता येतो, बंगळुरूत सुरू झालेल्या गोळ्या ओडिशातल्या कोरापूटला किंवा आटपाडीला पुढे चालू ठेवता येतात. ही व्यवस्था चांगली आहे आणि ती मजुराला माहीतच नसते. एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये बँक खात्यात मिळू लागले; नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. बंगळुरूच्या बांधकामावर ही रक्कम दोन दिवसांच्या मजुरीच्या आसपास भरते. ती जरूर द्यावी, वाढवावी. पण सहा महिन्यांच्या धास्तीला ती उत्तर नाही.

खरं उत्तर जुन्याच एका योजनेत आहे आणि ते बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत क्षयरोगासाठी वाढीव आजारपणाचा लाभ आहे: मजुरीच्या ८० टक्के रक्कम, दोन वर्षांपर्यंत. अट अशी की सलग दोन वर्षं नोकरी हवी आणि त्या काळात ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली हवी. पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात पाच वर्षं टिकलेल्या बाईला तो मिळू शकतो. गेल्या पावसाळ्यात आलेल्या मजुराला, एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर जाणाऱ्या गलाई कारागिराला, पहारा देणाऱ्या नेपाळी पोराला नाही. ज्याच्या वाट्याला धोका जास्त, त्याच्या वाट्याला हा आधार कमी, अशी ही उलटी रचना आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मजुराच्या मोफत औषधोपचाराची आणि राहण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. आता त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. पण साइटवर आजारी पडलेल्या मजुराला ठेकेदार आजही तिकिटाचे पैसे देतो आणि गाडीत बसवतो.

आता याच शहरातली दुसरी रांग पाहा. बंगळुरूतून ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला, अभियंत्याला व्हिसासाठी क्षयरोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. तो ठरलेल्या केंद्रावर पैसे भरून, रजा काढून, छातीचा एक्स-रे काढून घेतो. त्याला कुणी जागृत करावं लागत नाही. खोकला नसतानाही तो जातो, कारण त्याच्या तपासणीपुढे दार उघडतं. आखातात जाणाऱ्यांचं उलट. रत्नागिरी-रायगडातल्या पुष्कळ घरांना ‘मेडिकल’ या एका शब्दाची धडकी माहीत आहे. आखाती देशांच्या तपासणीत एक्स-रेवर जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग दिसला तरी माणूस ‘अनफिट’ ठरू शकतो. म्हणून तिकडे जाऊ इच्छिणारा पोरगा छातीचा फोटो काढायलाच घाबरतो. डॉक्टरने सांगितलं तरी टाळतो. तीच छाती, तेच यंत्र. मागे उभी असलेली अट बदलली की माणूस बदलतो.

यावर कुणी म्हणेल, मग सक्तीच करा. प्रत्येक साइटवर भरतीच्या वेळीच तपासा. मला हे धोक्याचं वाटतं. भरतीची अट झालेली तपासणी म्हणजे आखातची ‘मेडिकल’ इथे आणणं. रुग्ण सापडेल, काढून टाकला जाईल, दुसऱ्या साइटवर दुसऱ्या नावाने उभा राहील आणि त्याच्या गोळ्या कधीच सुरू होणार नाहीत. रँडच्या पुण्यात जे झालं तेच, फक्त बंदुकीशिवाय.

तंत्र आज अडसर उरलेलं नाही, ही मोठी जमेची बाजू. राष्ट्रीय पाहणीने आणखी एक गोष्ट दाखवली: एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांच्यात विचारण्यासारखी लक्षणंच नव्हती. म्हणजे खोकल्याची वाट पाहणं पुरेसं नाही; यंत्राने माणसाकडे जायला हवं. हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं आता आहेत, ती पत्र्याच्या चाळीत रात्री आठ वाजता नेता येतात. थुंकीतला जंतू तासाभरात ओळखणारं ‘ट्रूनॅट’ हे यंत्र तर बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जने विकसित केलं आणि गोव्यातल्या मोलबायो कंपनीने बाजारात आणलं. बॅटरीवर चालतं, छोट्या केंद्रातही ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. म्हणजे नगरथपेठेतल्या त्या गलाई कारागिराचं निदान ज्या यंत्राने तासाभरात होऊ शकतं, ते त्याच्याच शहरात जन्मलं आहे. तो तिथपर्यंत जात नाही, ते त्याच्यापर्यंत येत नाही.

बॅनर्जी आणि अँडरसन यांनी जसं थेट रुग्णालाच विचारलं, तसंच आज साइटवर विचारायला हवं. ‘तुला क्षय म्हणजे काय माहीत आहे का’ हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. ‘तुला क्षय निघाला तर तुझ्या कामाचं काय होईल’ हे विचारा आणि त्याचं उत्तर बदला. तपासणी कामाच्या जागी, कामाच्या वेळेनंतर व्हावी आणि निकाल मुकादमाच्या कानावर न जाता थेट त्या माणसाला मिळावा. गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे मजुरी चालू राहावी, खोली कायम राहावी. बांधकाम कल्याण मंडळांकडे उपकरातून पैसा जमतो, तो यासाठी वापरता येईल. ही मोठी रक्कम नाही. एका टॉवरच्या जाहिरातीच्या खर्चात शंभर मजुरांची महिन्याची मजुरी निघेल.

हा अंक बंगळुरूत, पुण्यात, विट्यात वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतः मालक आहेत. कुणाची गलाईची भट्टी आहे, कुणाची साइट, कुणाच्या सोसायटीत पहारेकरी राहतो, कुणाच्या घरी दुसऱ्या राज्यातली बाई कामाला येते. त्यांना एवढंच सांगायचं आहे. तुमच्याकडच्या माणसाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळचा ताप असेल, वजन उतरत असेल, तर त्याला आधी एक वाक्य स्वतःच्या तोंडाने सांगा: काहीही निघालं तरी तुझं काम आणि तुझी जागा जाणार नाही. मग पगार न कापता त्याला जवळच्या सरकारी केंद्रावर पाठवा. तपासणी आणि सहा महिन्यांच्या गोळ्या दोन्ही मोफत आहेत. गावी जायचं असेल तर ‘निक्षय’वरचा त्याचा क्रमांक बरोबर घेऊन जायला सांगा. माहितीसाठी क्षयरोग कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे. आणि तुम्ही त्याच खोलीत, त्याच भट्टीपाशी बसत असाल, तर त्याच्याबरोबर स्वतःचीही तपासणी करून घ्या.